लोकसंख्यावाढ आणि सोलापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसंख्यावाढ, तिची कारणं आणि तिचे परिणाम यांबद्दल सोलापूर शहरातून आणि जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे लोकसंख्येचे आकडे २०११ च्या जनगणनेचे आणि जननदराचे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) समजावेत.

१. माणसं वाढली म्हणजेच अतिलोकसंख्या का? दोन्हींत फरक काय?

माणसांची संख्या वाढणं ही लोकसंख्यावाढ. त्या माणसांच्या गरजा तिथल्या पाण्याला, जमिनीला, रोजगाराला आणि कारभाराला झेपेनाशा झाल्या की ती अतिलोकसंख्या. म्हणूनच नुसत्या घनतेवरून काही ठरवता येत नाही. सोलापूर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला २९० माणसं राहतात, महाराष्ट्रात ३६५, देशात ३८२. या हिशेबाने आपला जिल्हा विरळ वस्तीचा. तरीही सांगोला-मंगळवेढ्याकडे पाऊस हुकला की टँकर सुरू होतात, कारण जिल्ह्याचा सरासरी पाऊसच साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तोही बेभरवशाचा. दर चौरस किलोमीटरला हजार माणसं कोकणातल्या पावसावर निभावतील, इथे तीनशेही जड जातात. ‘माणसं किती’ हा प्रश्न ‘कशाच्या जिवावर’ या प्रश्नासोबतच विचारावा लागतो.

२. सोलापूरची लोकसंख्या नक्की किती? कुणी नऊ लाख म्हणतं, कुणी बारा.

मोजलेला आकडा एकच आहे. २०११ मध्ये महापालिका हद्दीत ९ लाख ५१ हजार आणि जिल्ह्यात ४३ लाख १७ हजार ७५६ माणसं होती. त्यापुढचे सगळे आकडे अंदाज आहेत. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे.

अंदाज बांधण्याची साधी रीत अशी: २००१ मध्ये शहर ८ लाख ७२ हजारांचं होतं, म्हणजे दहा वर्षांत वाढ सुमारे ९ टक्के, वर्षाला पाऊण टक्क्याहून थोडी जास्त. ७० ला वार्षिक टक्केवारीने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. ७० भागिले ०.८७ म्हणजे ८० वर्षं. बारा लाखांचा आकडा बहुतेक वेळा हद्दीबाहेरची वस्ती धरून सांगितलेला असतो. ते अगदीच चूक नाही. कुंभारीत विडी कामगारांसाठी आधी दहा हजार घरांची वसाहत झाली, मग रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. ही कुटुंबं कामाला, बाजाराला, दवाखान्याला शहरात येतात, पण मोजली जातात दक्षिण सोलापूर तालुक्यात. आकडा ऐकला की आधी विचारा: हद्द कुठली धरली?

३. १९९१ ला सहा लाख आणि २००१ ला पावणेनऊ लाख. दहा वर्षांत ४४ टक्के वाढ? एवढी माणसं आली कुठून?

बहुतेक माणसं कुठूनही आली नाहीत, हद्द त्यांच्यापर्यंत गेली. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली, भोवतालची गावं महापालिकेत आली आणि शहराचं क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झालं. काल ग्रामपंचायतीत मोजलेला माणूस आज शहरवासी ठरला. भाषणांत आणि निबंधांत हा ४४ टक्क्यांचा आकडा ‘लोकसंख्येचा स्फोट’ म्हणून सर्रास वापरला जातो. तो तसा वापरू नये. हद्दवाढीने खरा प्रश्न उभा केला तो वेगळाच: नळ, गटार आणि रस्ता यांचं जाळं त्याच वेगाने पसरलं नाही. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

४. लोकसंख्या वाढली कशामुळे? पूर्वीपेक्षा लोक जास्त मुलं जन्माला घालू लागले म्हणून?

उलट आहे. पूर्वीच्या घरांत सात-आठ बाळंतपणं होत आणि त्यातली तीन-चार मुलं जगत. वाढ झाली ती मरण कमी झाल्यामुळे. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६ नंतरची प्लेगची साथ, १९१८ चा इन्फ्लुएंझा अशा तडाख्यांनी तेव्हा जन्मलेली माणसं भराभर जात. देशाची लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात चक्क किंचित घटली. त्यानंतर ती कधीच घटली नाही, म्हणून जनगणनेच्या इतिहासात १९२१ हे वर्ष दुभाजक मानतात. पुढे देवीची लस घरोघरी पोचली, मलेरियावर फवारणी आली, सलाईन आणि क्षारसंजीवनी आली, दुष्काळात रोजगार हमीची कामं आली. मृत्युदर खाली आला. जन्मदर मात्र लगेच उतरत नाही. आपली मुलं जगतात ही खात्री आई-बापांच्या मनात मुरायला एक पिढी जाते, आणि त्या मधल्या पिढीतच लोकसंख्या फुगते.

त्यावर बाकीची कारणं चढतात: लवकर लग्न, मुलग्याची वाट पाहणं, म्हातारपणाला मुलाशिवाय दुसरा आधार नसणं, मुलीची शाळा सातवीला सुटणं, आणि साधनं हाताशी नसणं. यातलं शिक्षणाचं वजन आकड्यात दिसतं. देशात शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेल्या बाईला १.८.

५. आता तर घरटी दोनच मुलं. महाराष्ट्राचा जननदर १.७ म्हणतात. मग लोकसंख्या अजून वाढते कशी?

एका बाईला आयुष्यात सरासरी २.१ मुलं झाली की पिढी स्वतःची जागा भरून काढते. देशाचा आकडा २.०, महाराष्ट्राचा १.७, म्हणजे दोन्ही त्या रेषेखाली. तरी वाढ चालूच राहते, कारण मुलं जन्माला घालण्याच्या वयातली माणसंच जास्त आहेत.

एक वस्ती कल्पा. वीस म्हातारी जोडपी, म्हणजे ४० माणसं. चाळीस तरुण जोडपी, म्हणजे ८०. त्यांची प्रत्येकी दोन, अशी ८० मुलं. एकूण २००. पंचवीस वर्षांनी म्हातारे ४० गेले, तरुण म्हातारे झाले (८०), मुलं तरुण झाली (८०) आणि त्यांनाही जोडप्यामागे दोनच मुलं झाली (८०). एकूण २४०. कुणीही तिसरं मूल होऊ दिलं नाही, तरी वस्ती २० टक्क्यांनी वाढली. त्यानंतर ती स्थिरावते. देशाचंही असंच होणार. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास शिखर गाठून मग उतरू लागेल.

६. मुलीचं लग्न लवकर केलं पण मुलं दोनच ठेवली, तर लोकसंख्येला काय फरक पडतो?

मोठा पडतो. सतराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी मूल, आणि पुढच्या पिढीतही तेच, असं चाललं तर बाई साठीत असताना घरात चार पिढ्या एका वेळी जिवंत असतात. तेच पहिलं मूल सव्विसाव्या वर्षी झालं तर तीनच. मुलं दोन्हीकडे दोन-दोन, पण पहिल्या घरात ताटं जास्त. म्हणजे मुलांच्या संख्येइतकाच पिढ्यांमधल्या अंतरालाही अर्थ आहे.

हा मुद्दा सोलापूरसाठी कळीचा आहे. राज्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास, राज्यातल्या सर्वांत वरच्या जिल्ह्यांत. जननदर उतरला म्हणून पाठ थोपटून घेताना ही आकडेवारी मात्र नेहमी गाळली जाते. त्या मुलीच्या शरीराची होणारी हानी तर या सगळ्या हिशेबाहेरचीच.

ठरलेला बालविवाह थांबवायचा असेल तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या चाइल्डलाइनवर नाव न सांगता कळवता येतं. कळवताना तारीख, मंगल कार्यालय किंवा देवस्थान आणि मुलीची शाळा सांगा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख लगेच मिळते. वयाचा पुरावा गोळा करण्यात दिवस गेले की अक्षता पडून जातात.

७. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं. शहरात माणसं वाढली म्हणूनच ना?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

मलनिःसारण असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड आहे. साडेनऊ लाख माणसांना रोज सुमारे १२.८ कोटी लिटर लागतात. वर्षाचे झाले ४,७०० कोटी लिटर, म्हणजे साधारण १.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). गळती आणि वाढलेली वस्ती धरून अडीच टीएमसी म्हणा. उजनी धरणाचा उपयुक्त साठा ५३ टीएमसीहून अधिक आहे. शहराची अख्ख्या वर्षाची तहान त्याच्या वीसाव्या हिश्श्यात भागते.

आता दुसरी बाजू. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे शहराला १३५ लिटरप्रमाणे वर्षभर लागणारं पाणी दोन हजार हेक्टर उसाच्या आसपास संपतं, आणि जिल्ह्यात ऊस लाख हेक्टरांच्या वर आहे. ऊस करणाऱ्या शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. हमखास दर आणि जवळ कारखाना असलेलं दुसरं पीक त्याला कुणी दिलेलं नाही. पण पाणी माणसांनी संपवलं असं म्हणणं आकड्यांना धरून नाही.

तिसरी गोष्ट वाटेची. शहराला पाणी उजनीहून थेट जलवाहिनीने, हिप्परगा तलावातून आणि टाकळीहून येतं. टाकळीसाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडून औज बंधारा भरायचा. एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं. पात्रात मुरतं, उन्हाने उडतं, दोन्ही काठांच्या मोटारी ओढतात, आणि उरलेलं बंधाऱ्याला लागतं. शहराची वर्षाची गरज वरच्या हिशेबात किती होती ते पुन्हा बघा. म्हणूनच नदीऐवजी नळातून पाणी आणणारी १७० दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी महत्त्वाची. मात्र धरणाकडून पाणी जास्त आलं तरी गल्लीतल्या टाक्या आणि जुन्या वाहिन्या तशाच राहिल्या, तर शेवटच्या घराचा नळ कोरडाच राहतो.

लोकसंख्येचा भार यात नाहीच असं नव्हे. १९०१ मध्ये पाऊण लाखाच्या आसपास असलेलं शहर बारा-तेरा पटीने वाढलं, आणि हिप्परग्याचा तलाव १८७१ चा आहे. पण आजच्या टंचाईत पहिला वाटा व्यवस्थेचा, दुसरा पीकपद्धतीचा आणि तिसरा माणसांच्या संख्येचा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

८. पाणी दिवसांआड येण्याने घरात नेमकं काय बिघडतं?

पाच माणसांच्या घराला चार दिवसांसाठी मापदंडाप्रमाणे २,७०० लिटर साठवावे लागतील, म्हणजे २०० लिटरचे तेरा-चौदा बॅरल. शहराच्या पूर्व भागात पुढच्या खोलीत माग, मागे चूल, अशा घरात ते ठेवणार कुठे? पाच बॅरल बसतात. म्हणजे माणशी रोज ५० लिटर. एका खोलीत दोन भावांचे संसार असले की पंचवीस.

त्यात तीन गोष्टी बिघडतात. नळ रिकामा असताना वाहिनीतला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. पाणी येतं तेव्हा पहिली काही मिनिटं तेच येतं. कावीळ आणि गॅस्ट्रोची मुळं इथे आहेत. पहिलं पाणी गढूळ असो वा नसो, पिण्यासाठी भरू नका. नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते, आणि पुढच्या चार घरांचं पाणीही तोडलं जातं. तिसरं, डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. आठवड्यातून एकदा बॅरल पूर्ण रिकामा करून आतली कड घासायला हवी, कारण अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात आणि नवं पाणी भरलं की फुटतात. घट्ट फडकं बांधणं प्लास्टिकच्या झाकणापेक्षा बरं, झाकणाला फट राहते.

९. जमिनीचे तुकडे होतात ते लोकसंख्येमुळेच ना? आजोबांची वीस एकर होती, आमच्या वाट्याला दीड.

हो, इथे संख्येचा परिणाम थेट आहे. जिल्ह्याचं सगळं क्षेत्र, डोंगर, रस्ते, गावठाण, धरणाच्या पाण्यासकट, माणशी वाटलं तर ३४ गुंठे येतात. वीस एकराचे चार भावांत पाच-पाच, पुढे तीन-तीन वारसांत दीडच्या आसपास. दोन पिढ्यांत काम तमाम. तुकड्याचं नुकसान क्षेत्रापुरतं थांबत नाही. बांध वाढतात, बैलजोडी परवडत नाही, प्रत्येक वाटेकऱ्याला स्वतःचा बोअर लागतो. पूर्वी एका विहिरीवर पाळी लावून भिजणाऱ्या रानात आता चार बोअर एकाच झऱ्याला ओढ लावतात आणि खोली दरवर्षी वाढत जाते. पाळीचं भांडण नको म्हणून घेतलेला बोअर शेवटी चौघांनाही कोरडा मिळतो.

कायद्याची अडचण लक्षात ठेवा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याची खरेदी-विक्री अडते. २०२३ च्या अधिसूचनेने ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. वाटपाआधी तलाठ्याकडे आपल्या गटाची नोंद जिरायत आहे की बागायत ते पाहून घ्या. सामाईक विहीर, बोअर आणि वहिवाटीचा रस्ता यांचा हिस्सा वाटपपत्रात शब्दांत लिहून घ्या. तोंडी ठेवलेला रस्ता पुढच्या पिढीत बंद होतो.

१०. इतकी माणसं उद्या खाणार काय?

माल्थसने १७९८ मध्ये हीच भीती घातली होती. १९५०-५१ मध्ये देशात ३६ कोटी माणसं आणि सुमारे ५ कोटी टन धान्य होतं. २०२२-२३ मध्ये माणसं १४० कोटींच्या घरात, धान्य सुमारे ३३ कोटी टन. माणसं चौपट, धान्य सहापटीहून जास्त. भीती खोटी ठरली, पण फुकट नाही. हे धान्य उपशाच्या पाण्यावर आणि रासायनिक खतावर आलं आहे. बोअरचं पाणी खाली जाणं हा त्याचाच हप्ता (प्रश्न ९).

११. अमुक समाजामुळेच लोकसंख्या वाढते, असं मोबाईलवर येतं. खरं काय?

१९९२-९३ मध्ये देशात हिंदू स्त्रीमागे सरासरी ३.३ आणि मुस्लिम स्त्रीमागे ४.४ मुलं होती. २०१९-२१ मध्ये १.९४ आणि २.३६. दोन्ही उतरले, मुस्लिमांचा जास्त वेगाने उतरला, आणि अंतर एकाहून अधिक मुलाचं होतं ते अर्ध्याहून कमी झालं. त्याहून मोठा फरक राज्याराज्यांत आहे: बिहारचा ३.०, महाराष्ट्राचा १.७. आणि शिक्षणाचा फरक प्रश्न ४ मध्ये दिलाच आहे. शेजाऱ्याची मुलं मोजण्यापेक्षा गल्लीतल्या कुठल्या मुलींची शाळा सुटली ते मोजलं तर उत्तर लवकर सापडेल.

१२. सरकारी दवाखान्यात कोणती साधनं मिळतात? कशात काय चुकतं?

भारताने १९५२ मध्येच कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगात सर्वांत आधी. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शहरातल्या सरकारी व महापालिका दवाखान्यांत पुढची साधनं मोफत आहेत. कुणाला काय चालेल हे तपासणी करूनच ठरतं.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. यात पाळी अनियमित होते, काही महिन्यांनी थांबतेही. आधी सांगितलेलं नसलं की बाई घाबरते, दुसरा डोस चुकवते आणि दिवस राहतात; सर्वांत जास्त चूक हीच. तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत डोस घेता येतो. बंद केल्यावर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात, त्यामुळे सहा महिन्यांत मूल हवं असेल तर हे साधन नको.

‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून एकदा. वार ठरवून घ्यावेत. विसरली तर आठवताच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून जास्त उलटले तर पहिल्यापासून आठवड्याला दोन अशी सुरुवात करावी. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. ‘माला-एन’ ही रोजची गोळी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये.

तांबी दोन प्रकारची, एक पाच वर्षांची, एक दहा. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा मग सहा आठवड्यांनंतर बसवतात. दहा वर्षांची तांबी ‘दहा वर्षं काढता येत नाही’ असा समज आहे. हवी तेव्हा काढता येते.

बाळंतपणानंतर पाळी आली नाही म्हणजे सुरक्षित, हा समज अनेक घरांत दुसरं मूल घेऊन आला आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाणीसुद्धा न देता फक्त अंगावरचं दूध, दिवस-रात्र, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही अटी एकदम असतील तरच ते संरक्षण. घुटी सुरू झाली की ते संपलं.

१३. पुरुष नसबंदीने कमजोरी येते का? मिस्टर तयार होत नाहीत.

येत नाही. वीर्यवाहिनी बांधली जाते, अंडकोषाचं काम आणि संप्रेरकं तशीच राहतात. दाढी, ताकद, इच्छा, संबंध यांत फरक पडत नाही. बिनटाक्याच्या पद्धतीत काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटाला छेद द्यावा लागतो. तरी देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. आणीबाणीतल्या १९७६ च्या सक्तीने पुरुषांच्या मनात बसलेली धास्ती अजून पुरती गेलेली नाही, हे त्यामागचं एक कारण. सगळा भार बायकोने घ्यायचा हे दुसरं, आणि ते जास्त खरं.

फसतं ते एकाच ठिकाणी. शस्त्रक्रियेनंतर लगेच संरक्षण मिळत नाही, नळीत आधीचे शुक्रजंतू असतात. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करून ‘शुक्रजंतू नाहीत’ असा अहवाल घ्यायचा. हा अहवाल न घेता निर्धास्त झालेल्या घरात दिवस राहिले की संशय बाईवर येतो. तपासणी टाळू नका.

१४. तिसरं अपत्य असेल तर सरपंचपदाला उभं राहता येत नाही म्हणतात. जुळी झाली, दत्तक दिलं, तर काय?

ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषद आणि पालिकेपर्यंत हा नियम आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य जन्मलं असेल तर अपात्रता येते. आधीच दोनहून जास्त असतील आणि त्या तारखेनंतर संख्या वाढली नसेल तर येत नाही. आमदार-खासदारांना असा नियम नाही.

पहिलं एक मूल आणि दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली, तर ती जुळी एकच धरली जातात, अपात्रता नाही. पहिलीच जुळी असतील तर ही सवलत लागत नाही, पुढचं मूल तिसरं ठरतं. दत्तक घेतलेलं मूल मोजलं जात नाही. पण आपलं तिसरं मूल दुसऱ्याला दत्तक देऊन सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ओडिशाच्या प्रकरणात जन्म दिला हाच निकष धरला. सरकारी नोकरीसाठी २००५ चे लहान कुटुंबाचे नियम वेगळे आहेत आणि तिथली तारीख २८ मार्च २००६.

या नियमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘दोनच’ आणि ‘त्यात एक मुलगा’ या दोन्ही अटी एकत्र आल्या की मार मुलीवर बसतो. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंग निदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, विचारणाऱ्यालाही शिक्षा आहे.

१५. आता काही जण म्हणतात जास्त मुलं होऊ द्या, नाहीतर देश म्हातारा होईल. मग इतकी वर्षं सांगितलं ते चूक?

चूक नव्हतं. महाराष्ट्रात २०११ मध्ये साठीपुढची माणसं दहा टक्क्यांच्या आसपास होती आणि हा वाटा वाढत जाणार हे खरं. पण सोलापुरात घरं म्हातारी होतात त्याला जननदराइतकंच पुण्याकडे जाणारी गाडी कारणीभूत आहे. जिल्हा दहा वर्षांत १२.१६ टक्के वाढला, राज्य १५.९९ टक्के. हा फरक बऱ्याच अंशी बाहेर गेलेल्या तरुणांचा. लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाला पूर्वीची बरकत नाही, विडीचं काम बायकांच्या हातात आणि मजुरी तुटपुंजी. तिसरं मूल झालं तरी तेही पंचविशीत हडपसर किंवा पिंपरीलाच जाणार. म्हातारपणाची सोय निवृत्तिवेतन, जवळचा दवाखाना आणि गावातच मिळणारं काम यांनी होते.

१६. मुलगा पुण्यात, आम्ही बार्शीत. जनगणनेत त्याचं नाव कुठे? ऊसतोड कामगारांचं आणि वारीचं काय?

माणूस नेहमी राहतो तिथे मोजला जातो. मुलगा वर्षभर पुण्यात भाड्याने राहत असेल तर तो पुण्यातच. रेशनकार्ड किंवा मतदान बार्शीत असलं तरी. दोन्हीकडे नाव सांगू नका. गणनेच्या सगळ्या दिवसांत घराबाहेर असलेली व्यक्ती जिथे आढळेल तिथे मोजायची, असा नियम आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, ऐन गळीत हंगामात. त्यामुळे बीडहून किंवा मराठवाड्यातल्या इतर भागांतून आलेली टोळी त्या काळात माळशिरस-पंढरपूरच्या उसाच्या फडावर होती ती इथे मोजायची, तिच्या गावात नाही. कोपीला (टोळीच्या झोपडीला) दार नाही, क्रमांक नाही, आणि माणसं पहाटे फडावर गेलेली. असं कुटुंब गळण्याची भीती सर्वांत जास्त. गावातल्या नातलगांनी त्यांचं नाव तिथे सांगितलं आणि इथेही लागलं, तर दुबार. मुकादमाने टोळीतल्या सगळ्यांची नावं, वयं आणि मूळ गाव लिहून ठेवलं आणि गणकाला संध्याकाळी बोलावलं, तर ही चूक टळते.

वारीचं वेगळं. पंढरपूर लाखाच्या आसपास वस्तीचं गाव. आषाढीला तिथे दहा लाखांहून अधिक माणसं येतात. जनगणनेत यातलं काही दिसत नाही, आणि दिसूही नये, ती माणसं आपापल्या गावी मोजली जातात. पण शौचालयं, पिण्याचं पाणी, कचरा यांचं नियोजन जनगणनेच्या आकड्यावर केलं तर ते दहा पटीने तोकडं पडतं. म्हणून ६५ एकरांवरचा मुक्काम, चंद्रभागेचं वाळवंट आणि दर्शनरांग यांची सोय त्या दिवसांच्या गर्दीवर बेततात, आणि द्वादशीनंतर उरलेल्या कचऱ्याचे ट्रकही त्याच गर्दीवर मोजावे लागतात.